बर्लिन : स्वस्त खोली, पण पत्त्याची नोंदणी नाही. घ्यावी का?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आता स्वतःवर वेळ आली म्हणून लिहितेय. ऑक्टोबरपासून बर्लिनच्या एका सरकारी विद्यापीठात एम.एस्सी. सुरू होतंय. एपीएस (पदवीच्या कागदांची पडताळणी), ब्लॉक्ड अकाउंट (खर्चाची रक्कम आधीच भरून ठेवायचं खातं), व्हिसा सगळं मार्गी लागलं. घोडं अडलंय ते राहायच्या जागेवर.

वसतिगृहाला मार्चमध्येच अर्ज केलाय. प्रतीक्षायादीत आहे, एवढंच कळतं. हातात दोन खोल्या आहेत :

पहिली नॉयकोल्नमध्ये. तिघींचं घर, त्यातली एक मुलगी परदेशात सेमिस्टर करायला जातेय, तिची खोली ऑक्टोबर ते डिसेंबर मिळेल. सगळं धरून ४८० युरो. फोटो बघून आईसुद्धा म्हणाली, घेऊन टाक. पण ती मुलगी म्हणते की या पत्त्यावर नोंदणी करता येणार नाही, कारण घरमालकाला सांगितलेलं नाही.

दुसरी मार्त्सानमध्ये, अगदी पूर्वेला. एकट्या राहणाऱ्या जर्मन आजी एक खोली भाड्याने देतात. ५६० युरो, नोंदणी करून देणार, निदान वर्षभर राहावं अशी अपेक्षा. दहा मजली इमारत, फोटोत सगळं करडं. माझं कॉलेज झूलॉगिशर गार्टन स्टेशनजवळ आहे.

मन पहिल्या खोलीकडे ओढतंय. नोंदणी तीन महिन्यांनी केली तर चालेल का?

श्प्रेकाठी
नाही चालणार. आणि नुसतं "नाही" म्हणून उपयोग नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जर्मनीत नव्या घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत ब्युर्गरआम्टमध्ये (नागरिक कार्यालयात) जाऊन पत्ता नोंदवायचा असा कायदा आहे. यालाच आनमेल्डुंग म्हणतात. त्यासाठी घर देणाऱ्याचं सहीचं पत्र लागतं. २०१५ पासून ते सक्तीचं आहे, नुसता भाडेकरार दाखवून भागत नाही. पहिल्या खोलीत तुला ते पत्र कोण देणार? खुद्द त्या मुलीनेच मालकापासून लपवलंय.

आता पुढची साखळी बघ. नोंदणी झाली की दोन-तीन आठवड्यांत पोस्टाने टॅक्स आयडी येतो. तो नसेल तर पार्ट-टाइम नोकरीच्या पगारातून सगळ्यात चढ्या दराने कर कापला जाऊ शकतो. तो परत मिळतो, पण पुढच्या वर्षी विवरणपत्र भरल्यावर. विद्यार्थ्याला पैसे आत्ता हवे असतात. पुढे व्हिसा संपायच्या आत निवास परवान्याचा अर्ज करायचा, तिथेही पत्त्याचा पुरावा लागतो. बँका, वाचनालयाचं कार्ड, घराचं इंटरनेट, जिथे जाशील तिथे तोच कागद मागतात.

आणि मालकाला न विचारता दिलेली खोली म्हणजे मालकाला कळलं तर त्या मुलीचा करार धोक्यात. तिचा गेला की तुझी खोलीही गेली, तीही नोव्हेंबरच्या थंडीत, ऐन सेमिस्टरमध्ये. तसं झालं नाही तरी ३१ डिसेंबरला तू पुन्हा रस्त्यावर, हातात पत्ता नाही.

पहिल्या वर्षी खोली घेताना नोंदणी आधी बघायची, भाडं नंतर, आणि भाग किती "भारी" आहे ते सगळ्यात शेवटी. मी दुसरी घेईन.

टपरीवरचा_चहा
आपल्याकडे जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला. तिकडे एकच दाखला, पण त्याच्यावाचून माणूस हलत नाही. सेतू कार्यालयाची आठवण येऊन डोळे पाणावले.

निवांत_नाना
माझा मुलगाही यंदा जातोय (बर्लिन नाही, लाइपझिग). ब्लॉक्ड अकाउंटला ११,९०४ युरो भरले, म्हणजे बारा लाखांच्या घरात. महिन्याला ९९२ युरोच सुटतात असं कळलं. त्यात ५६० भाडं गेलं तर पोर खाणार काय? शिवाय घरमालक लोक तीन-तीन महिन्यांचं भाडं अनामत मागतात म्हणे. ती रक्कम ऑगस्टमध्येच पाठवा असा निरोप आलाय. पाठवावी का?

श्प्रेकाठी
नाना, थांबा. एक पैसाही पाठवू नका, आधी हे वाचा.

अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी घेता येते. मूळ म्हणजे हीटिंग-पाणी वगळून, सगळं धरून नव्हे. शिवाय ती तीन समान हप्त्यांत द्यायचा भाडेकरूला कायद्यानेच हक्क आहे, पहिला हप्ता राहायला गेल्यावर. "सगळी रक्कम आधी, नाहीतर खोली दुसऱ्याला" असं कुणी म्हणालं तर कान टवकारायचे.

"मी सध्या परदेशात आहे, घर दाखवता येणार नाही, पैसे पाठवा, किल्ल्या कुरिअरने येतील" हा तर इथला नेहमीचा सापळा. फोटो सुंदर, भाडं बाजारभावापेक्षा बरंच कमी, आणि पासपोर्टची प्रतसुद्धा पाठवतात, ती दुसऱ्याच कुणाची तरी. व्हिडिओ कॉलवर खोली, जिना, खालची दारावरची घंटी दाखवायला सांगा. जो टाळतो त्याला आपणही टाळायचं.

खर्चाचं म्हणाल तर ९९२ मध्ये बर्लिनला ओढाताण होते. खोलीलाच आता ६००-७०० युरो सर्रास पडतात, त्या मानाने ५६० बरे आहेत. सरकारी आरोग्य विमा दीडशेच्या आसपास. उरलेल्यात जेवण-खाण, फोन. म्हणून बहुतेक मुलं पहिल्या-दुसऱ्या सेमिस्टरपासून काम धरतात.

अर्धवट_अभियंता
ताई, तुमचा मान राखून मी थोडं उलट बोलतो. मी सध्या इथे शिकतोय, नॉयकोल्नमध्येच राहतो.

कागद महत्त्वाचे आहेत, मान्य. पण पहिल्या हिवाळ्याचं कुणीच सांगत नाही. डिसेंबरात दुपारी चारच्या आत सूर्य मावळतो. सकाळी लेक्चरला निघताना अंधार, बाहेर पडताना अंधार, मधे जे दिसतं ते राखाडी. अशा वेळी दोन समवयस्क मुली घरात असणं, स्वयंपाकघरात कुणीतरी "चहा टाकू का" विचारणं, रात्री अकराला खाली उतरलं तरी रस्ता जागा असणं, याची किंमत ऐंशी युरोपेक्षा किती तरी जास्त आहे. माझ्या वर्गातली एक मुलगी शहराच्या टोकाला राहायची. रोज संध्याकाळी सगळे भेटायचे तेव्हा ती "उशीर होईल" म्हणून निघून जायची. जानेवारीपर्यंत तिला कुणी बोलवायचंच बंद झालं. पुढे कोर्स सोडून ती परत गेली.

कृष्णाकाठ, दोनपैकीच एक असं का? तिसरं शोध. मधल्या भागात, नोंदणी देणारी.

श्प्रेकाठी
अभियंता, हिवाळ्याचं तू लिहिलंस ते शब्दशः खरं आहे आणि मी ते लिहायला हवं होतं. पण तिसरी खोली भारतात बसून मिळत नाही रे. सप्टेंबर-ऑक्टोबरात एकेका जाहिरातीला शेकड्याने निरोप येतात आणि लोक प्रत्यक्ष भेटून निवडतात. डोक्यावर छप्पर आणि हातात नोंदणी असताना जानेवारीत शोधलं तर तेच काम निम्म्या त्रासात होतं.

आजींना मात्र "वर्षभर" म्हणजे नक्की काय ते आत्ताच विचार. आजी राहतात त्याच घरातली सामानासकट दिलेली खोली असेल तर सोडायची मुदत बरीच कमी असते, साधारण महिन्याच्या मध्यापर्यंत कळवलं की महिनाअखेर मोकळं होता येतं. करारात काही वेगळं लिहिलंय का ते बघून घे.

रानजाई
मार्त्सानवाली हजर आहे! मी तिकडे राहिलेय, म्हणून करड्या इमारतींची बाजू घेते.

ते सगळं पूर्व जर्मनीच्या काळातलं, सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून उभं राहिलेलं. बाहेरून रूक्ष दिसतं, पण खोल्या प्रशस्त, लिफ्ट, हीटिंग उत्तम. जुन्या बर्लिनच्या सुंदर घरांत उंच छत असतं आणि खिडकीच्या फटीतून वारा येतो, ते फोटोत दिसत नाही. एस-७ ही लोकल मार्त्सानहून निघते ती आलेक्सांडरप्लात्झ, मुख्य स्टेशन करत थेट झूलॉगिशर गार्टनला. गाडी बदलायची नाही, पाऊण तासाच्या आत पोचतेस. नॉयकोल्नहूनही दारापासून दारापर्यंत अर्धा तास जातोच. रविवारी फिरायला गेर्टन डेर वेल्ट आहे, बालीपासून चीनपर्यंतच्या धाटणीच्या बागा, वरून रोपवे.

एक गोष्ट लपवणार नाही. त्या भागात उजव्या पक्षाला मतं जास्त पडतात. मला कुणी त्रास दिला नाही, पण ट्राममध्ये टक लावून बघणारे म्हातारे भेटले. रात्री उशिरा स्टेशनवर रेंगाळायचं नाही हे मी पाळायचे, जसं पुण्यात स्वारगेटला पाळायचे. शेजारणीला रोज "हालो" म्हणायचं. महिनाभराने ती तुझी पार्सलं घेऊन ठेवते.

म्युनिकचा_मन्या
५६० युरोत वर्षभराची खोली आणि वर चर्चा? आमच्याकडे या पैशात सायकल ठेवायला जागा मिळते. घेऊन टाका.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे खूप आभार. आजींशी व्हिडिओ कॉल झाला. माझं जर्मन पुण्यात मॅक्सम्युलर भवनात ए-२ पातळीपर्यंत झालंय, आजी इंग्रजी अजिबात बोलत नाहीत, त्यामुळे दोघींनी हातवारे करून वेळ निभावली. खोली दाखवली, घंटीवरचं नाव दाखवलं, मांजर दाखवलं. सोडायची मुदत श्प्रेकाठीताई म्हणतात तशीच, महिनाअखेरची. मी मार्त्सान पक्कं करतेय. अभियंतादादा, रागावू नका, जानेवारीत शोधायला तुम्हीच मदत करायची आहे.

आता आईचा प्रश्न : आजींच्या स्वयंपाकघरात फोडणी चालेल का?

टपरीवरचा_चहा
धाग्याचं खरं शीर्षक आता आलं.

रानजाई
फोडणी चालते, पण वासाची आधी कल्पना दे आणि खिडकी सताड उघड. कुकरच्या शिट्टीने मात्र आजी दचकतील, पहिल्यांदा त्यांच्यासमोर लाव. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता, आणि रविवारचा अख्खा दिवस. म्हणजे चटणीचा मिक्सर रविवारी सकाळी नको, काचेच्या बाटल्या कचऱ्याच्या पेटीत टाकणंही नको.

आणि रविवारी दुकानं बंद! शनिवारी संध्याकाळी दूध-ब्रेड भरून ठेवायचं. विसरलंच तर मुख्य स्टेशन किंवा ओस्टबानहोफमधलं सुपरमार्केट उघडं असतं, तिथे अर्धं बर्लिन रांगेत दिसेल.

मार्त्सानला तर खाण्यापिण्याची चंगळ आहे. शेजारच्या लिश्टेनबर्गमध्ये डाँग श्वान सेंटर आहे, व्हिएतनामी लोकांचा मोठा बाजार, एकेका गोदामाएवढी दालनं. कोथिंबीर, हिरवी मिरची, आलं, भेंडी, तांदळाचे प्रकार, सगळं सुपरमार्केटपेक्षा ताजं. मंगळवार आणि शुक्रवारी माय्बाखउफरला कालव्याच्या काठी बाजार भरतो, तिथे तुर्की भाजीवाले बाजार उठायच्या सुमारास पेटीच्या पेटी स्वस्तात देतात.

श्प्रेकाठी
श्रीखंडासाठी चक्का टांगत बसू नकोस, क्वार्क आण. ४० टक्के स्निग्धांशाचा घ्यायचा, तासभर फडक्यात निथळायचा, साखर-वेलची घातली की झालं. बिनसायीचा घेतलास तर आंबट चुना होतो. ताक हवं तर बुटरमिल्श. कणकेच्या नावाखाली ४०५ नंबरचं पीठ उचलू नकोस, तो मैदा. भारतीय दुकानातला आटाच बरा.

निवांत_नाना
आमचे चिरंजीव शाकाहारी. कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये मिळेल काही?

अर्धवट_अभियंता
काका, लाइपझिगचं ठाऊक नाही, पण बर्लिनच्या मेन्झांमध्ये २०२१ च्या हिवाळी सेमिस्टरपासून जवळपास सगळं शाकाहारी किंवा व्हीगनच आहे. मांस-मासे नावापुरते. इथे उपाशी राहायची पाळी आली तर ती मांसाहारी मुलांवर येईल. चव मात्र... मिठाची पुडी खिशात ठेवायला सांगा.

श्प्रेकाठी
कृष्णाकाठ, निघायच्या आधी हे ऐकून ठेव, कारण यात भलेभले अडकतात.

इथे इमारतीत फ्लॅटला नंबर नसतात. पोस्टमन नाव बघून पत्र टाकतो. टपालपेटीवर तुझं आडनाव नसेल तर पत्र "पत्ता सापडत नाही" म्हणून परत जातं. टॅक्स आयडी, बँकेचं कार्ड, त्याचा पिन, विम्याचं कार्ड, सगळं पोस्टानेच येतं, आणि एकेक परत गेलं की महिना-महिना जातो. पोचल्या दिवशी, बॅगा उघडायच्या आधी, कागदावर नाव लिहून चिकटपट्टीने आजींच्या नावाखाली लाव. पासपोर्टवर आडनाव जसं लिहिलंय तसंच लिही. आपल्याकडे वडिलांचं नाव मधे असतं, ते कधी आडनावात जातं कधी नावात, म्हणून सगळ्या अर्जांत एकच पद्धत ठेव.

ब्युर्गरआम्टची वेळ भारतातूनच बघायला लाग. बर्लिनमधल्या कुठल्याही भागातलं ऑफिस चालतं, मार्त्सानचंच हवं असं नाही. रोज सकाळी लवकर संकेतस्थळ उघडायचं, कुणी रद्द केलेल्या वेळा तेव्हा दिसतात. ११५ वर फोन करूनही मिळते. दोन आठवड्यांत वेळ मिळाली नाही तर घाबरू नकोस. मुदतीत वेळ मागितल्याचा पुरावा जपून ठेव, तेवढ्यावर कुणी अडवत नाही.

नोंदणीनंतर थोड्याच दिवसांत रेडिओ-टीव्ही शुल्काचं पत्र येईल. महिना १८.३६ युरो. "माझ्याकडे टीव्हीच नाही" म्हणून केराच्या टोपलीत टाकायचं नाही, ते दर घराला एकदाच असतं. आजी भरत असतील तर त्यांचा ग्राहक क्रमांक लिहून कळवायचं, विषय संपला.

म्युनिकचा_मन्या
हीटिंगचं राहिलं. रेडिएटरच्या चावीवर १ ते ५ आकडे असतात, ३ म्हणजे साधारण २० अंश. ५ वर केलं म्हणून खोली लवकर तापत नाही, बिल तेवढं तापतं. दिवसातून दोनदा पाच-दहा मिनिटं खिडकी पूर्ण उघडायची, बाहेर बर्फ असला तरी. नाहीतर कपडे खोलीत वाळवून आणि भात शिजवून भिंतीला बुरशी धरते, आणि अनामत परत द्यायच्या वेळी मालकाला ती बरोबर दिसते.

कृष्णाकाठ
हे सगळं वहीत उतरवून घेतलंय. नोकरीबद्दल कुणी सांगेल का? आणि लोकलचा पास?

अर्धवट_अभियंता
सरकारी विद्यापीठात सेमिस्टर फीमध्येच पास येतो, देशभरच्या लोकल, ट्राम, बस आणि प्रादेशिक गाड्यांना चालणारा. आयसीईसारख्या लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्या सोडून. खाजगी कॉलेजवाल्यांनी आधी विचारून घ्या, पास नसेल तर बाहेर डॉइचलांडटिकेट नावाचा तसाच पास २०२६ पासून महिना ६३ युरो आहे. पास फोनवर असतो, बॅटरी संपली आणि साध्या कपड्यातला तपासनीस आला की ६० युरो दंड. पॉवर बँक ठेव.

काम वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस करता येतं. लेक्चर चालू असताना आठवड्याला वीस तासांच्या वर जाऊ नकोस, नाहीतर विद्यार्थी म्हणून मिळणारी विम्याची सवलत जाते. पहिलं सेमिस्टर जमलं तर काम नकोच. खाणं पोचवायची सायकल नोकरी लगेच मिळते म्हणून सगळे तिकडे धावतात, आणि फेब्रुवारीत पेपर राहिले की रडतात. विद्यापीठातच साहाय्यकाच्या जागा निघतात, प्राध्यापकांच्या दारावरचे कागद वाचत जा. आपल्या क्षेत्रातली कंपनी बघायची तर बी-१ जर्मन होऊ दे. फोल्क्सहोखशूलचे (प्रौढ शिक्षण केंद्राचे) वर्ग स्वस्त असतात. तुझ्याकडे तर आजी आहेत, फुकटची शिकवणी. आता मलाच वाटायला लागलंय की मार्त्सान ठीक आहे.

रानजाई
अखेर मान्य केलंस! बुधवारी किंवा शुक्रवारी संध्याकाळी मात्र ठरवून शहरातच थांब गं, समूहगान, खेळ, मराठी मंडळी, काहीही एक. अभियंता म्हणतो तो एकटेपणा जागेमुळे येत नाही, रोज सहाच्या गाडीने घरी यायच्या सवयीमुळे येतो. एस-७ शुक्रवार-शनिवारी रात्रभर असते.

निवांत_नाना
एक शेवटचं. चिरंजीव म्हणतात डिसेंबरच्या सुट्टीत घरी येतो. तिकीट आत्ता स्वस्त आहे. काढू?

श्प्रेकाठी
नाना, आधी व्हिसावरची शेवटची तारीख बघा. परतीची तारीख त्याच्या आत असेल आणि व्हिसा पुन्हा प्रवेशाची मुभा देणारा असेल तर खुशाल काढा. व्हिसा तोवर संपत असेल तर निवास परवाना हातात यायला वेळ लागतो, कधी कधी काही महिने. मुदतीत अर्ज केलेला असला की जर्मनीत राहणं कायदेशीर असतं, पण अर्जाच्या पोचपावतीवर देशाबाहेर जाऊन परत आत येता येत नाही. त्यासाठी परदेशी नागरिक कार्यालयाकडून फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग नावाचा वेगळा कागद घ्यावा लागतो, आणि त्यावर परत येण्याची परवानगी देणारा बरोबर रकाना खूण केलेला आहे ना, ते जागेवरच बघून घ्यायला सांगा. वाटेत विमान बदलायचं असेल तर विमान कंपनीलाही आधी विचारा, तो कागद सगळे ओळखत नाहीत. तारीख बदलता येणारं तिकीट दोन-चार हजारांनी महाग असलं तरी तेच घ्या.

निवांत_नाना
मुलाला फोन लावला. व्हिसा मार्चपर्यंत आहे, एकाहून जास्त वेळा प्रवेश असं लिहिलंय. काढतो तिकीट.